शारजातलं सिम

आमच्या आगाशी-विरार पट्ट्यात आखाताला जाणं नवलाचं राहिलेलं नाही. अर्नाळा, नंदाखाल, बोळींज, कुठल्याही आळीत विचारा, कुवेत-मस्कत-दुबई करून आलेला कुणी ना कुणी भेटतोच. वाडीत पोट भरेना तसे लोक बाहेर पडले. कुणी गोदीत लागला, कुणी बोटीवर गेला, कुणी आखातात. माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणायचो, तो 1983 साली कुवेतला गेला. वायरमनचं काम.

त्या वेळी खुशाली कळायची ती पत्रातून. पत्र यायला कधी दहा दिवस, कधी वीस. पुढे कॅसेटी सुरू झाल्या. कुणी सुट्टीवर येणारा असला की दादा त्याच्याबरोबर कॅसेट पाठवायचा. एका बाजूला गप्पा, दुसऱ्या बाजूला कधी काही, कधी नुसताच पंख्याचा आवाज. आमच्याकडे टेपरेकॉर्डर नव्हता. शेजारच्यांचा आणायचा, पडवीत ठेवायचा, आणि आई त्याच्यासमोर पाय दुमडून बसायची. ‘आई, जेवलीस का?’ असं दादा कॅसेटमधून विचारायचा आणि आई खरंच उत्तर द्यायची, ‘जेवले रे.’ तेव्हा तिचे कान चांगले होते.

मग 1990 साल उजाडलं. 2 ऑगस्टला इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. आम्हाला रेडिओवर कळलं. विरार स्टेशनजवळ पिवळ्या पाटीचा आयएसडी बूथ होता, तिथे मी आणि बाबा रोज जाऊन उभे राहायचो. फोन लागायचा नाही. बूथवाला दया येऊन पैसे घ्यायचा नाही, पण लागणार कुठून, लाइनीच तुटल्या होत्या. आई जेवेना. तेव्हा बाबांनी एक दिवस घरी येऊन सांगितलं, ‘ट्रंक कॉल आला होता, तो सुखरूप आहे.’ आलेला नव्हता. बाबांनी मनाचं सांगितलं. आई त्या दिवशी जेवली. पुढे दर दोन-चार दिवसांनी बाबा असा एक कॉल ‘घ्यायचे’.

दादा सप्टेंबरच्या मध्याला आला. कुवेतहून बसने बगदाद, तिथून जॉर्डनची सरहद्द, सरहद्दीवर तंबूत दिवस काढले, मग अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. त्या वेळी एअर इंडियाने एक लाखाच्या वर माणसं तशी परत आणली. एवढी माणसं विमानाने हलवण्याचं काम पूर्वी कुणी केलं नव्हतं म्हणतात. दादा एका पिशवीनिशी घरात आला. आईने आनंदाने विचारलं, ‘एवढे फोन केलेस, मग येतोय हे का नाही सांगितलंस?’ दादा म्हणाला, ‘कसले फोन? मी एकही फोन केला नाही.’

बाबांना ती काही बोलली नाही. पण तेव्हापासून आमच्या घरात एक नियम पडला. लांब गेलेल्या माणसाची खुशाली दुसऱ्याने सांगितलेली आईला चालत नाही. ज्याची त्याने सांगायची.

हे सगळं सांगायचं कारण पुढे येतं.

2023 च्या नोव्हेंबरात मला आणि मंडळींना शारजाला जायचा योग आला. थोरल्या मुलीचं बाळंतपण. जावई तिथे एका गोदामात हिशेबाचं काम बघतात. शारजा म्हटलं की आमच्या पिढीला मियांदादचा शेवटच्या चेंडूवरचा 1986 चा षटकार आठवतो, तो अजून ठसठसतो. मला मात्र काळजी दुसरी होती. आई तेव्हा सत्त्याऐंशीची. गेली दहा-बारा वर्षं तिला जवळपास ऐकू येत नाही. कानातलं यंत्र आणलं, ते शिट्टी मारतं म्हणून डब्यात ठेवलं आहे. ती ओठ बघून समजून घेते. समोरचा सावकाश बोलला, हात हलवून बोलला, की तिला बरंचसं कळतं. म्हणजे साधा फोन तिच्या उपयोगाचा नाही. तिला माणूस दिसला पाहिजे.

त्यात टीव्ही. ऑक्टोबरपासून गाझाच्या लढाईच्या बातम्या चालू होत्या. ऐकू येत नसल्यामुळे आई फक्त चित्र बघायची. कोसळलेल्या इमारती, धूर, धावणारी माणसं, आणि खाली अरबी पाट्या. तिला किती समजावलं की शारजा तिथून लांब आहे. तिने एकच विचारलं, ‘दादा गेला होता तिथेच ना?’ तसं बघितलं तर चुकीचं काही नव्हतं, समुद्र तोच.

तेव्हा ठरलं असं की रोज संध्याकाळी मी तिला व्हिडिओवर दिसायचं. आई रात्री आठला आडवी होते. तिकडचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. म्हणजे तिथल्या साडेसहाच्या आत. जावई कामावरून येणार साडेसातला. तेव्हा हे काम माझं मलाच करावं लागणार हे उघड होतं.

इथे वाचकांना एक सांगतो, कारण पुष्कळांना ते तिथे उतरल्यावर कळतं. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलता येत नाही. लिहिलेला निरोप जातो, फोटो जातो, रेकॉर्ड केलेला व्हिडिओ जातो. कॉल मात्र जात नाही, ना आवाजाचा ना चित्राचा. इंटरनेटवरून बोलायचं तर तिथल्या सरकारी दूरसंचार नियामकाने परवानगी दिलेल्या अ‍ॅपवरूनच. झूम चालतं, बोटिम नावाचं एक आहे ते तिथल्या आपल्या सगळ्या लोकांच्या फोनवर असतं. काही जण व्हीपीएन नावाची पळवाट काढतात. तिचा वापर गुन्ह्यासाठी झाला असं ठरलं तर दंड 5 लाख दिरहमपासून पुढे. दिरहम तेव्हा 22-23 रुपयांना होता. हिशेब करा आणि त्या वाटेला जाऊ नका.

मुलगी आम्हाला फोन करायची तो बोटिमवरूनच, त्यामुळे माझ्या फोनवर ते होतं. पण माझा फोन माझ्याबरोबर जाणार. घरी राहणार तो धाकट्या भावाच्या बायकोचा फोन, जुना, गच्च भरलेला. पुतण्याने तिचे देवदर्शनाचे आणि लग्नांचे शेकडो फोटो काढून टाकून त्यात बोटिम बसवलं. ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. आम्ही वाडीतून घरात आणि घरातून वाडीत दोनदा कॉल करून बघितला, आईला दाखवला, सगळं जमलं.

प्रत्यक्षात झालं ते असं. शारजाच्या विमानतळावर उतरलो तर जावई एकटेच उभे. मुलीला दोन आठवडे आधीच कळा सुरू झाल्या होत्या. सामानासकट सरळ हॉस्पिटलात. मंडळी तिथेच राहिली. रात्री दोनला जावयांनी मला घरी सोडलं, किल्ली हातात दिली, आणि परत गेले. घर रोला भागात, चौथ्या मजल्यावर. आठवड्यापूर्वीच त्यांनी घर बदललं होतं, वायफाय जोडायचं बाकी होतं. मी, चार बॅगा, आणि एका बॅगेत राजेळीच्या सुकेळ्यांचा डबा.

माझं भारतातलं सिम मी फोनमध्ये तसंच ठेवलं होतं. एक तर बँकेचा ओटीपी त्यावर येतो, आणि ओटीपीचा मेसेज परदेशात घ्यायला पैसे पडत नाहीत. दुसरं म्हणजे अडीअडचणीला एखादा कॉल. नेट मात्र त्यावरचं बंद ठेवलं, परदेशात ते कसं पैसे खातं ते पुष्कळांकडून ऐकलं होतं. सकाळी त्या सिमवरून भावाला साधा फोन केला. पोचलो म्हणून सांगितलं. तो म्हणाला, ‘आईला सांगितलं, पण ती ऐकत नाही. काल रात्री जेवली नाही, आता चहाही घेतला नाही. म्हणते, तुझ्या बाबांनीही असंच सांगितलं होतं.’

तेहतीस वर्षं झाली होती त्या गोष्टीला.

जावयांच्या फोनवरून झालं असतं. पण मुलीला ऑपरेशनला घेतलं होतं, ते दाराशी उभे, त्यांना कुठे सांगणार. मी पासपोर्ट खिशात घातला आणि खाली उतरलो. रोलात उतरलं की परदेशात आल्यासारखं वाटतच नाही. मल्याळी हॉटेलं, गुजराती कापडवाले, सोनं, भाजी, सगळीकडे हिंदी. मोबाईलचं दुकान इमारतीच्या खालीच. तिथला मुलगा केरळचा, पंचवीस-सव्वीसचा. पासपोर्ट घेतला, त्याची छबी काढली, व्हिसा बघितला, कारण नोंद केल्याशिवाय तिथे सिम देत नाहीत. दुसऱ्या खाचेत सिम बसवलं, बोलण्याचा आणि नेटचा मिळून पॅक टाकला, ‘हो गया चाचा, दस मिनिट में चालू’ म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

दहा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. वरती सगळ्या काड्या दिसतायत, जावयांना फोन लावला तर रिंग वाजते, म्हणजे सिम जिवंत. नेट नाही. बोटिम उघडलं की गोल गोल फिरतं. शेतकऱ्याला ही अवस्था ओळखीची आहे. मोटर चालू आहे, पाइप भरलेला आहे, आणि केळीच्या बुंध्याशी थेंब नाही. अशा वेळी माणूस मोटरीपासून सुरुवात करून एकेक जोड तपासत पुढे जातो. मी तसंच केलं.

पहिला जोड: दोन सिमांच्या फोनमध्ये नेट कुठल्या सिमवरून घ्यायचं ते सेटिंगमध्ये वेगळं सांगावं लागतं. बघितलं तर फोन अजून भारतातल्याच सिमकडे तोंड करून बसला होता, आणि त्यावरचं नेट मी बंद केलेलं. नव्या सिमवर टिचकी मारली. तरी नाही. विमानाचं चिन्ह दाबून उघडून बघितलं. नाही. फोन बंद करून चालू केला. नाही. कंपनीचा मेसेज आला होता, वर अरबी, खाली इंग्रजी. पॅक चालू झाला एवढं मला त्यातून लागलं. म्हणजे विहिरीत पाणी आहे.

पुन्हा खाली. दुपारचे साडेबारा. दुकान बंद, नमाजाची वेळ. शुक्रवार होता. शारजात 2022 पासून शुक्रवार, शनिवार, रविवार अशी सरकारी कचेऱ्यांना तीन दिवस सुट्टी असते, पण दुकानं नमाजानंतर उघडतात. पायरीवर बसून राहिलो. तेवढ्यात भारतातल्या सिमवर जावयांचा फोन आला, नव्या नंबरावर करायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नसावं. मुलगा झाला, दोघं ठीक. मी पायरीवरच हात जोडले. समोरून जाणाऱ्या एका पठाणाने ‘सब खैर?’ विचारलं. ‘नाना बन गया’ म्हटलं, तर त्याने माझा हात हातात घेऊन हलवला.

दुकान उघडलं. पोराने फोन हातात घेतला, सेटिंगमध्ये खोल शिरला, आणि म्हणाला, ‘चाचा, एपीएन नहीं आया.’

हे एपीएन काय ते त्याने मला समजावलं, ते माझ्या भाषेत सांगतो. सिमवरून बोलणं होतं ते एका रस्त्याने, नेट येतं ते दुसऱ्या रस्त्याने. कंपनीच्या आवारातून इंटरनेटकडे जायचं एक फाटक असतं, त्या फाटकाचं नाव म्हणजे एपीएन. फोनला ते नाव ठाऊक नसेल तर तो आवारातच फिरत राहतो. बहुतेक वेळा नवं सिम टाकल्यावर नाव आपोआप येतं. माझ्या फोनमध्ये आलं नाही, जुन्या भारतातल्या कंपनीचंच नाव तिथे बसलेलं होतं. तिकडे मोठ्या कंपन्या दोन, एतिसलात आणि डू. एकीचं फाटकाचं नाव नुसती दोन अक्षरं, तिचं स्वतःचंच नाव. दुसरीचं कंपनीचं नाव, मग टिंब, मग देशाची दोन अक्षरं. माझं कुठलं होतं ते सांगत नाही, उगाच कुणाला वाईट वाटायला नको.

नाव लिहायचं ते इंग्रजीत, सगळी अक्षरं लहान, मध्ये-मागे-पुढे जागा सोडायची नाही. वरचं ‘नेम’ काहीही चालतं, खालचं ‘एपीएन’ बरोबर हवं. बाकीचे पंधरा रकाने रिकामे ठेवायचे, त्यांना हात लावायचा नाही. मग वर कोपऱ्यात तीन ठिपके असतात, ते दाबून सेव्ह. आणि इथे बरेच लोक थांबतात. सेव्ह केलं म्हणजे झालं असं नाही. बाहेर येऊन यादीतल्या त्या नव्या नावापुढच्या गोलात टिंब भरायचं, तेव्हा फोन ते धरतो. माझ्या फोनचा कळफलक तर शब्दापुढे आपणहून जागा सोडत होता, पोराने ती दोनदा पुसली. मग फोन बंद करून चालू केला आणि वर 4 जी आलं.

व्हॉट्सअ‍ॅपने लगेच विचारलं, नंबर बदललाय का? पोराने माझ्या आधी ‘नाही’ दाबलं. ‘इसको हाँ बोला तो इंडिया वाला नंबर चला जाएगा,’ म्हणाला. हे लक्षात ठेवा. सिम नवं असलं तरी व्हॉट्सअ‍ॅप जुन्या नंबरावर चालतं, त्याला बदलायची गरज नाही.

पोराने या कामाचे पैसे घेतले नाहीत. मी वर जाऊन सुकेळी आणली. आमच्याकडे राजेळी पिकवून, सोलून, उन्हात सुकवून, केळीच्या सुक्या पानात बांधतात. त्याने एक पुडकं उघडलं, वास घेतला, आणि म्हणाला, ‘ये तो हमारा नेंद्रन है.’ आमची राजेळी आणि त्यांचं नेंद्रन ही सख्खी भावंडं हे मला माहीत होतं, पण वासावरून ओळखणारा पहिल्यांदा भेटला. शेतकऱ्याचा मुलगा. त्रिशूरजवळ त्यांची केळी आहे.

सहा वाजता घरी बोटिम लावलं. भावजयीने फोन आईसमोर धरला. मी दिसलो. आई दोन मिनिटं नुसती बघत होती. मग म्हणाली, ‘दाढी नाही केलीस.’ मी सावकाश, तोंड उघडून सांगितलं, ‘मुलगा झाला. पणतू.’ तिला कळेना. पुन्हा सांगितलं. चित्र अडकत होतं, माझे ओठ हलले तरी तिच्याकडे ते मागाहून, तुटक तुटक पोचत होते. ऐकू येणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही, आवाजावर भागतं. ओठ वाचणाऱ्याला ते फाटक्या पोथीसारखं. शेवटी मी बाळ झोपवल्यासारखे हात करून दाखवले तेव्हा तिला उमजलं, आणि ती रडली. जेवली असं भावाचं नंतर आलं, आणि पाठोपाठ ताटाचा फोटो. आता आमचा भाऊही पुरावा द्यायला शिकला आहे.

दुसऱ्या दिवशी तोच प्रकार. चित्र अडकतं, आई वैतागते, आणि कोपऱ्यातल्या चौकटीत तिला तिचंच तोंड दिसतं, त्याकडेच बघत बसते. तिसऱ्या दिवशी मुलगी घरी आली आणि मी कॉल लावायच्या आधी सहज बाळाचा व्हिडिओ काढला. बाळ, मग मुलगी, मग मी. सावकाश बोललो: बाळ तीन किलोचं आहे, नाक तुझ्यासारखं आहे, इथे लढाई नाही, खिडकीतून बघ. फोन खिडकीकडे नेला. खाली रोलाचं मैदान, कबुतरं, माणसं. मिनिटभराचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. तो जातो, त्याला तिथे बंदी नाही.

अर्ध्या तासाने पुतण्याने उलट व्हिडिओ पाठवला. आई पडवीत बसलेली, हातात फोन. व्हिडिओ संपला की बोटाने पुन्हा लावते. एकदा ओठ बघते, एकदा बाळ, एकदा खिडकी. रेकॉर्ड केलेलं चित्र अडकत नाही, ओठ जागच्या जागी हलतात, आणि कळलं नाही तर परत बघता येतं. सहाव्यांदा बघून तिने वर पाहिलं आणि उत्तर दिलं, ‘नाक माझ्यासारखं नाही, तुझ्या बाबांसारखं आहे.’

त्यानंतर बोटिम आम्ही ठेवलं ते माझ्या-भावाच्या वाडीच्या गोष्टींपुरतं. केळीला पाणी दिलं का, मोटरीचं बिल भरलं का. आईशी बोलणं मात्र व्हिडिओ पाठवून. सकाळी मी एक पाठवायचा, संध्याकाळपर्यंत तिचा यायचा. ती काय खाल्लं ते सांगायची, मोगरा दाखवायची, आणि दर वेळी शेवटी, ‘लढाई कुठवर आली?’ मी दर वेळी फोन खिडकीशी न्यायचो.

पॅक 28 दिवसांचा होता, आम्ही राहिलो दोन महिने, म्हणजे दोनदा भरला. परत येताना सिम त्या पोराला देऊन टाकू म्हटलं तर तो नको म्हणाला, पासपोर्टाच्या नावावर असतं, दुसऱ्याने वापरायचं नसतं. ते काढून पासपोर्टाच्या पाकिटात ठेवलं आहे.

घरी आल्यावर भावजयीने तक्रार केली की तिचा फोन पुन्हा भरला, नवा फोटो काढता येत नाही. पुतण्या माझे व्हिडिओ पुसायला बसला तर आईने त्याच्या हातावर चापट मारली. मग त्याने विरारहून मेमरी कार्ड आणलं आणि सगळे त्यावर उतरवले, एकूण 58. मी आता रोज समोर असतो, बाळही फोनवर दिसतं, तरी दुपारी जेवण झाल्यावर आई फोन मागते आणि खिडकीचा तो पहिला व्हिडिओ लावायला सांगते. कबुतरं आवडतात म्हणते.